पाच कोटी डॉलरवर पाणी कोण सोडेल?

अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला की कॉलेज फुटबॉलच्या दुनियेत एक प्रश्न ठरल्यासारखा डोकं वर काढतो. एखादा बडा संघ लागोपाठ दोन-तीन सामने हरतो, लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममधून ‘हाकला याला’ अशा आरोळ्या उठतात, आणि मग समालोचक, माजी खेळाडू, राजकारणी सगळे मिळून विचारू लागतात: संघाचा हा कोच, म्हणजे प्रशिक्षक, स्वतःहून राजीनामा देणार की नाही? याला काही जनाची नाही तर मनाची? २०२५ च्या मोसमात हा प्रश्न पेन स्टेट विद्यापीठाच्या जेम्स फ्रँकलिनबद्दल विचारला गेला, फ्लॉरिडाच्या बिली नेपियरबद्दल विचारला गेला, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, ब्रायन केलीबद्दल. तिघांपैकी एकानेही राजीनामा दिला नाही. तिघांनाही नारळ मिळाला. केलीला काढलं २६ ऑक्टोबरला, घरच्या मैदानावर टेक्सस ए अँड एमकडून ४९-२५ असा मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. करारानुसार त्याचं विद्यापीठाकडून येणं निघालं सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर.

या वादात एक बाजू म्हणते, हे लोक पैशाला हपापलेले आहेत. दुसरी म्हणते, अहो हा धंदा आहे, यात लाजलज्जा कसली काढता? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींचीही नजर कोचवरून हलत नाही. सगळा घोळ तिथेच आहे. माझं म्हणणं सरळ आहे: असा कोच राजीनामा देणार नाही, त्याने तो द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि या अपेक्षेचा फायदा कोणाला होत असेल तर तो करारावर सही करणाऱ्यांना. कोचच्या चारित्र्यावर चर्चा चालू राहिली की त्यांच्या अकलेवर होत नाही.

कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत, हे आधी सांगायला हवं. लंबगोल चेंडूने, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर जाडजूड पॅड चढवून खेळला जाणारा हा खेळ तिकडच्या दक्षिणेकडच्या आणि मध्य भागातल्या राज्यांत जवळजवळ धर्माच्या जागी आहे. एलएसयूचं टायगर स्टेडियम, टेक्सस ए अँड एमचं काइल फील्ड, पेन स्टेटचं बीव्हर स्टेडियम, प्रत्येकात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. ही विद्यापीठं सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणारी. त्यामुळे अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत सगळ्यांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, विद्यापीठाचा अध्यक्षही नसतो. तो फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो.

करार असा असतो. मुदत सहा ते दहा वर्षं. गैरवर्तन किंवा नियमभंग झाला नसताना, निव्वळ सामने हरतो म्हणून विद्यापीठाने काढलं, तर उरलेल्या वर्षांचा सगळा किंवा बराचसा पगार द्यायचा. याला बायआउट म्हणतात. उलट, कोच स्वतःहून निघून गेला तर त्याला पुढचा छदाम मिळत नाही. बहुतेक करारांत त्यालाच, किंवा त्याला घेऊन जाणाऱ्या नव्या विद्यापीठाला, भरपाई मोजावी लागते. म्हणजे आज राजीनामा दिला तर शून्य किंवा उणे, आणि चार आठवडे शिव्या खात थांबलं तर पाच कोटी. अशा कागदावर दोन्ही बाजूंनी शुद्धीत सह्या केल्यावर एकाने तो फाडून टाकावा आणि दुसऱ्याने टाळ्या वाजवाव्यात, ही मागणी नेमकी कुठल्या नीतीत बसते?

मुळात इतके लांबलचक करार होतात तरी कशाला? याचं उत्तर खेळाडूंच्या भरतीत आहे. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी, आईबापांसमोर सोफ्यावर बसून, कोच त्याला आपल्या कॉलेजात ये म्हणून गळ घालत असतो. दुसऱ्या दिवशी त्याच सोफ्यावर प्रतिस्पर्धी कॉलेजचा माणूस येऊन बसतो आणि म्हणतो, ‘त्याच्या कराराची दोनच वर्षं उरलीत. तू तिसऱ्या वर्षाला जाशील तेव्हा तो तिथे नसेल.’ म्हणून कराराची किमान चारपाच वर्षं कायम शिल्लक दिसली पाहिजेत, त्यासाठी दर थोड्या दिवसांनी मुदत वाढवत राहायचं, असा रिवाजच पडला. त्यात एजंट मंडळींची भर. अमुक विद्यापीठ तुमच्या कोचच्या मागावर आहे, अशी कुजबुज योग्य वेळी योग्य कानात पडली की समोरचे घाबरून नवा करार पुढे सरकवतात. वाटाघाटीत एका बाजूला आयुष्यभर हेच काम केलेला कसलेला एजंट, आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या शनिवारच्या सामन्यापलीकडे न बघणारे विश्वस्त. निकाल काय लागणार?

टेक्सस ए अँड एमचं उदाहरण बघा. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जिम्बो फिशरला १० वर्षं आणि ७ कोटी ५० लाख डॉलर, सगळे हमीचे, असा करार देऊन आणलं. स्वागताच्या वेळी विद्यापीठ समूहाचे कुलपती जॉन शार्प यांनी त्याच्या हातात राष्ट्रीय विजेतेपदाचं स्मृतिचिन्ह ठेवलं. त्यावर वर्षाच्या जागी ‘२०’ एवढंच, आणि पुढच्या दोन आकड्यांची जागा कोरी. ती त्याने भरायची! या विद्यापीठाचं मागचं राष्ट्रीय विजेतेपद १९३९ चं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या समारंभातला उतावळेपणा कळतो. पुढे २०२० चा मोसम बरा गेला, आणि २०२१ मध्ये करार थेट २०३१ पर्यंत वाढवून एकूण रक्कम साडेनऊ कोटींच्या घरात नेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला काढलं. आदल्या दिवशीचा सामना तो ५१-१० असा जिंकला होता, पण एव्हाना सगळ्यांचा धीर सुटला होता. देणं निघालं ७ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबाने सहाशे कोटी रुपयांच्या वर. स्मृतिचिन्हावरची जागा कोरीच राहिली. या सगळ्या कहाणीत फिशरने लबाडी केली कुठे? त्याने मागितलं, त्यांनी दिलं. त्याने न मागताही वाढवून दिलं असतं, इतके ते खुळावले होते.

तरीही राजीनाम्याची मागणी करणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याला मराठी माणसांना तर ती चटकन पटते, कारण आपण वाढलोच राजीनाम्यांच्या गोष्टींवर. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावून पुण्याकडे पाठ फिरवणारे रामशास्त्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडणारे लालबहादूर शास्त्री. खुर्चीला चिकटून न राहणं हा आपल्याकडे मोठेपणाचा पुरावा मानला जातो, आणि तो मानावाच. मग फुटबॉल कोचला वेगळा न्याय का?

कारण या तिघांपैकी एकाचीही गोष्ट कोचच्या गोष्टीशी जुळत नाही. रामशास्त्री आणि चिंतामणराव पदावर राहिले असते तर आपल्याला अन्याय्य वाटणाऱ्या गोष्टीला हातभार लावल्यासारखं झालं असतं. तिथे पद सोडणं हाच निषेध होता. सामने हरणारा कोच कशाचा निषेध करणार? समोरच्या संघाकडे चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, आहे, याचा? शास्त्रीजींचं उदाहरण जवळचं वाटतं खरं, पण तेच नीट लावून बघा. गाडी शास्त्रीजी चालवत नव्हते. पुलाची देखरेखही त्यांच्याकडे नव्हती. खात्याचे प्रमुख म्हणून त्यांनी जबाबदारी घेतली, खालच्या माणसाकडे बोट न दाखवता घेतली, म्हणून तर तो राजीनामा आजही आठवतो. मग एलएसयूच्या किंवा ए अँड एमच्या गोष्टीत शास्त्रीजींच्या जागी कोण बसतं? कामावर ठेवलेला कोच, की त्याला ठेवणारे, करार वाढवणारे, हमी लिहून देणारे क्रीडा संचालक आणि नियामक मंडळ? उदाहरण द्यायचंच तर वरच्यांना द्या. आपण मात्र ड्रायव्हरकडे राजीनामा मागतो आणि मंत्री त्या मागणीत आपला सूर मिसळतो.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, कारण तो इतिहासातल्या नव्हे, याच खेळातल्या माणसाचा आहे. स्टीव्ह स्परियर. खेळाडू म्हणून १९६६ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), कोच म्हणून फ्लॉरिडाला १९९६ चं राष्ट्रीय विजेतेपद. २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देऊन नेलं. दोन मोसम खराब गेले, दुसऱ्यात तर १६ पैकी फक्त ५ सामने जिंकले. डिसेंबर २००३ च्या शेवटी तो उठला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. तीन वर्षांचे दीड कोटी डॉलर बाकी होते, त्यावर त्याने पाणी सोडलं. म्हणजे असं करणारा माणूस असतो. अशक्य नाही. आणि मला हा माणूस आवडतो, हेही कबूल करतो. हेकट, खोचक बोलणारा, पण हिशेबात चोख.

पण त्या राजीनाम्याने झालं काय, तेही बघायला हवं. वाचलेले दीड कोटी गेले कुठे? संघमालक डॅनियल स्नायडर यांनी थोड्याच दिवसांत जुना नावाजलेला कोच जो गिब्ज याला निवृत्तीतून परत आणलं, पुन्हा पाच वर्षांचाच करार देऊन. स्परियरच्या स्वाभिमानाची किंमत स्परियरने मोजली, आणि ज्याचा निर्णय चुकला होता त्याच्या खिशाला तोशीस लागली नाही. चूक फुकटात निस्तरली गेली की माणूस शिकतो, असं कोणी पाहिलंय? पुढे २०१५ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ पहिल्या ६ पैकी ४ सामने हरला, तेव्हा सत्तर वर्षांच्या स्परियरने मोसमाच्या मध्यावरच पुन्हा राजीनामा दिला. आपण निवृत्त होत नसून राजीनामा देतोय, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. मग कौतुक झालं का? काहींनी केलं. बाकीच्यांनी ‘पोरांना अर्ध्यावर टाकून पळाला’ म्हणून झोडपलं. थांबला तर लोभी, गेला तर पळपुटा. ज्या कसोटीवर कुठल्याच बाजूने पास होता येत नाही ती कसोटी कशाला म्हणायची?

तिसरा आक्षेप मात्र कोचांना खरोखर झोंबणारा आहे. हेच लोक पोरांना रोज सकाळी निष्ठा, जबाबदारी, संघभावना यांवर प्रवचनं देतात, आणि स्वतःला मोठी ऑफर आली की मोसम संपायचीही वाट पाहत नाहीत. केली एलएसयूला आला तोच असा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाचा संघ १२ पैकी ११ सामने जिंकून विजेतेपदाच्या शर्यतीत तग धरून होता, तेव्हा तो सोडून. २०२५ मध्ये लेन किफिनने त्यावर कळस चढवला: मिसिसिपी विद्यापीठाचा संघ ११ विजयांसह बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना तो एलएसयूला निघून गेला. अशा माणसांनी कराराच्या पावित्र्याच्या गोष्टी कराव्यात? नाही करू, आणि ते करतही नाहीत. पावित्र्य हा शब्द आपण आणतो. करारात दोघांच्याही बाहेर पडण्याची किंमत लिहिलेली असते. कोच जातो तेव्हा ती विद्यापीठाच्या खात्यात जमा होते, काढला जातो तेव्हा विद्यापीठाच्या खात्यातून जाते. ढोंग खटकतं, मलाही खटकतं. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? ज्याला आपण गुरुकुलातला आचार्य समजत होतो तो मुळात भाडोत्री सेनापती आहे, हाच ना? मग भाडोत्री सेनापतीने हरल्यावर तनखा नाकारावा, ही आशा कोणत्या आधारावर?

आणि आता सार्वजनिक पैशाचा मुद्दा, ज्यावर सगळ्यांत जास्त आरडाओरडा होतो. केलीला काढल्यावर लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर तोफ डागली. करदात्यांच्या डोक्यावर असे करार लादणारी पद्धत बंद व्हायला हवी, म्हणाले. क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढचा कोच निवडणार नाहीत, असंही जाहीर केलं. वुडवर्ड म्हणजे तेच, ज्यांनी २०१७ मध्ये ए अँड एममध्ये असताना फिशरला तो पहिला हमीचा करार दिला होता. दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड पायउतार झाले. इथपर्यंत मी गव्हर्नरसाहेबांच्या बाजूने होतो. निदान एकदा तरी बोट सही करणाऱ्याकडे वळलं होतं. मग विद्यापीठाने काय केलं? केलीला आधी अडीच, मग तीन कोटींवर मिटवू पाहिलं, त्याने नकार दिला. त्यानंतर आम्ही तुला रीतसर काढलंच नाही, असा पवित्रा घेतला. केली कोर्टात गेला. नोव्हेंबर संपायच्या आत विद्यापीठाने मान्य केलं की होय, सबळ कारणाविना काढलं आणि पूर्ण देणं लागतो. गव्हर्नरांच्या त्या भाषणाला जेमतेम महिना झाला असेल, तोच किफिनची नेमणूक झाली: ७ वर्षं, सुमारे ९ कोटी १० लाख डॉलर, आणि कारणाविना काढलं तर उरलेल्यातले ८० टक्के द्यायची हमी.

याच विद्यापीठाने २०२१ मध्ये एड ऑर्जरॉनला सुमारे १ कोटी ७० लाख देऊन घरी पाठवलं होतं. त्याने २०१९ च्या मोसमात त्यांना १५ पैकी १५ सामने जिंकून विजेतेपद मिळवून दिलं होतं, आणि त्या भरात त्याचाही करार फुगवला गेला होता. इतके पैसे मिळणार म्हटल्यावर आपण एवढंच विचारलं की किती वाजता निघू आणि कुठल्या दाराने निघू, असं तो नंतर हसत हसत सांगायचा. सभागृह खो खो हसायचं. त्या हसण्यात एक गोष्ट दडून जाते: सहा वर्षांत तीन कोच, तिघांचे करार, आणि प्रत्येक वेळी मंजुरी देणारं मंडळ तेच, ज्याच्यावरच्या नेमणुका गव्हर्नरच्या हातात असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी असं इथे म्हणता येणार नाही, कोच काही संन्यासी नव्हेत. पण चोर सुटतो एवढं खरं.

‘हा कराचा पैसा नाहीच, दात्यांचा आहे’ हे उत्तर विद्यापीठांकडे तयार असतं. ते अर्धं खरं आहे. बऱ्याच ठिकाणी बायआउट क्रीडा विभागाच्या स्वतःच्या उत्पन्नातून आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून भागवला जातो. पण तो पैसाही कुठूनतरी येतो आणि कुठेतरी जायचा राहतो. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं पहिल्यांदाच खेळाडूंना थेट मानधन देऊ लागली. सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंसाठी मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. केलीला घरी बसण्याचे जे मिळणार, त्यात एका विद्यापीठाच्या एकूण एक खेळाडूंचं अडीच वर्षांचं मानधन निघतं. राग यायचा तर या आकड्याचा यावा.

आता खरी गोम. सगळेच करार सारखे नसतात, आणि सगळा फरक एकदोन ओळींत असतो. फिशरच्या करारात त्याने दुसरी नोकरी शोधण्याची अट नव्हती. नोकरी मिळाली तरी ए अँड एमचं देणं एका पैशाने कमी होणार नव्हतं. फ्रँकलिनच्या पेन स्टेटच्या करारात उलट होतं: त्याने नवं काम शोधायचं, आणि नव्या पगाराइतकी रक्कम जुन्या देण्यातून वजा व्हायची. काढलं तेव्हा आकडा होता सुमारे ४ कोटी ९० लाख. महिनाभरात त्याला व्हर्जिनिया टेकने घेतलं आणि पेन स्टेटने ९० लाखांवर मिटवलं. चार कोटी डॉलर वाचले. कोणाच्या लाजलज्जेमुळे नव्हे, एका कलमामुळे. फ्रँकलिन काही फिशरपेक्षा जास्त स्वाभिमानी नव्हता. त्याच्यासमोरचा वकील जास्त जागा होता, इतकंच.

आणि घाई कोणाची असते तेही पाहा. नेब्रास्का विद्यापीठाने स्कॉट फ्रॉस्टला ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. फ्रॉस्ट त्यांच्याच मातीतला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. कराराप्रमाणे १ ऑक्टोबरला त्याचा बायआउट दीड कोटींवरून ७५ लाखांवर येणार होता. तीन आठवडे कळ सोसली असती तर ७५ लाख डॉलर वाचले असते. नाही सोसवली. नोत्र दामने २००५ मध्ये चार्ली वाइसला पहिल्याच मोसमाच्या मध्यावर दहा वर्षांचा करार दिला, तोही सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध ३४-३१ असा हरल्यावर काही दिवसांतच. हार इतकी झुंजार होती की मंडळी भारावली. २००९ मध्ये काढलं आणि २०१५ पर्यंत हप्ते भरत राहिले, एकूण १ कोटी ९० लाखांच्या आसपास. मध्येच कॅन्सस विद्यापीठानेही त्याला ठेवून काढलं, आणि मग काही काळ एकही संघ न शिकवणाऱ्या वाइसला दोन विद्यापीठं पैसे देत होती. इथे कोचच्या लोभाची चर्चा करायची, की देणाऱ्यांच्या भाबडेपणाची?

बाकी राजीनामे अधूनमधून येतात, पण ते वाचताना जरा थांबावं. २००८ मध्ये ऑबर्नच्या टॉमी ट्यूबरव्हिलने पाच विजय आणि सात पराभवांच्या मोसमानंतर राजीनामा दिला, असं विद्यापीठाने जाहीर केलं. राजीनामा देणाऱ्याला काही मिळत नाही ना? त्याला ५० लाख डॉलरहून थोडे जास्तच मिळाले. गृहस्थ आता अलाबामाचे सिनेटर आहेत. कागदावर ‘राजीनामा’ लिहिला की दोन्ही बाजूंची अब्रू राहते, म्हणून तो शब्द वाटाघाटीत ठरतो.

आपल्याकडचा फुटबॉलही याला अपवाद नाही. भारतीय संघाचा तेव्हाचा कोच इगोर स्टिमाच याने २०२४ मध्ये जाहीर सांगितलं होतं, भारताला विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन. जूनमध्ये दोह्यात कतारविरुद्ध आपण २-१ असे हरलो, तेही चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना दिलेल्या गोलमुळे, आणि तिसरी फेरी हुकली. स्टिमाच गेला नाही. महासंघाने त्याला काढलं, कराराची दोन वर्षं शिल्लक होती, तो फिफाकडे जाण्याची भाषा करू लागला, आणि अखेर ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं. शब्द दिला होता, तो पाळायला हवा होता. इथे माझी स्टिमाचला सहानुभूती नाही. त्यानंतरचा मानोलो मार्केस मात्र २०२५ मध्ये परस्परसंमतीने, एकमेकांकडे काही देणं-घेणं न ठेवता मोकळा झाला, आणि मुंबईकरांच्या ओळखीचा खालिद जमील त्या जागी आला. मार्केस जास्त थोर आणि स्टिमाच जास्त हलका, असं यावरून ठरवायचं तर ठरवा. दोघांचे करार शेजारी ठेवून वाचणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

माझ्या म्हणण्यावरचा शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत अवघड जातो. करार कडक केले तर चांगला कोच तुमच्याकडे येईलच कशाला? शेजारचं विद्यापीठ हमी द्यायला बसलेलंच आहे. हे खरं आहे, आणि सगळ्या विद्यापीठांनी मिळून मर्यादा ठरवावी म्हटलं तर तीही वाट बंद आहे. १९९० च्या दशकात कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिने काही कनिष्ठ सहायक कोचांच्या पगाराला वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली होती. कोच मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. (केलीच्या आकड्याशी जवळजवळ जुळतं, निव्वळ योगायोग.) पगारावर एकत्र लगाम घालता येत नसेल, तर प्रत्येकाने आपापल्या कागदापुरतं शहाणं व्हायचं उरतं. पगार हवा तेवढा द्या, पण नव्या नोकरीचा पगार वजा होईल हे एक कलम सोडू नका. पेन स्टेटने ते धरून ठेवलं होतं, आणि त्यामुळे फ्रँकलिन काही त्यांना सोडून गेला नव्हता. बारा मोसम तिथेच होता.

येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा कोणीतरी हरेल आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल. सरकारी विद्यापीठांचे करार आणि मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं मागितली की मिळतात. ज्या बैठकीत मुदत वाढवली तिचं इतिवृत्त काढा, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, वजावटीचं कलम का गाळलं असं एकाने तरी विचारलं का, ते वाचा. ती नावं सहसा कुठल्याच बातमीत नसतात, आणि त्यांच्यापैकी बरेच जण अजून मंडळावरच असतात.